अख्खा कान

आमच्या सोसायटीच्या फलकावरची मांजरांविषयीची नोटीस माझ्या हातची होती. 'आवारात, जिन्यात अथवा पार्किंगमध्ये भटक्या मांजरांना खायला घालण्यास सक्त मनाई आहे.' अध्यक्षांच्या मते नुसती मनाई पुरली असती. 'सक्त' मी घातलं. सगळी नोकरी बँकेत परिपत्रकं लिहिण्यात गेल्यामुळे सौम्य मनाईवर माझा विश्वास उरला नव्हता.

नोटीस काढायला कारणं होती आणि ती खोटी नव्हती. स्कूटरच्या सीटा नखांनी फाटलेल्या असायच्या. जिन्याखाली बोके धार मारून जात, त्याचा वास पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा. तळमजल्यावर एक बाळंतीण होती, तिच्या सासूबाई रोज माझ्या दारात. आणि पहाटे तीन वाजता दोन बोक्यांचं जे भांडण जुंपतं ते ज्याने ऐकलंय, त्याला भूतदया शिकवायला जाऊ नये, निदान त्याच दिवशी तरी नाही. हे सगळं मी आजही मान्य करतो. माझं मत बदललं ते गाऱ्हाण्यांबद्दल नव्हे. ते बदललं इलाजाबद्दल, आणि त्या इलाजाच्या बुडाशी असलेल्या एका समजुतीबद्दल.

समजूत अशी, की मांजरं दोन प्रकारची असतात, घरातली आणि रस्त्यावरची. बचत खातं आणि चालू खातं असावं तशी, एकाचे नियम दुसऱ्याला लागू नाहीत. घरातल्या मांजराला माणूस असतो, नाव असतं, डॉक्टर असतो. रस्त्यावरचं रस्त्यावरच जन्मतं, तिथेच संपतं, आणि त्याची जबाबदारी कोणाची असलीच तर महापालिकेची. आमच्या घरात मांजर होतं, त्यामुळे तर ही वाटणी मला अधिकच स्वच्छ दिसायची.

जिरी माझ्या मुलीची. राखाडी अंगावर काळे पट्टे, म्हणून जिरी. पावसाळ्यात एका बंद टपरीखाली ओरडत असलेलं ते पिल्लू मुलीने ओढणीत गुंडाळून घरी आणलं होतं. म्हणजे तीही मुळात रस्त्यावरचीच. पण हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हात लागला तर ते माणसाळतं, नाही लागला तर पुढे फार अवघड जातं, असं प्राण्यांचे डॉक्टर सांगतात. जिरीला त्या मुदतीत हात लागला. तिच्या भावंडांना लागला नसेल. एवढ्याच फरकावर ती आमच्या दिवाणावर झोपायची आणि भावंडं माझ्या नोटिशीत आली.

मुलगी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली आणि जिरी आम्हा दोघांकडे राहिली. तिचं ऑपरेशन, लसी सगळं वेळेवर झालं होतं. मग इमारतीच्या रंगकामाला मुहूर्त लागला. बाहेरून परांची बांधली, रंगाऱ्यांनी खिडकीची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली, ड्रिलचा आवाज सुरू झाला, आणि दुपारच्या चहाला आम्हाला कळलं की दिवाण रिकामा आहे. परांचीच्या बांबूवरून उतरणं मांजराला काय अवघड!

इथे माझं पहिलं मत सांगतो, कारण ते आमच्या पिढीत बहुतेकांचं असतं. मांजराला घर कळतं, माणूस कळत नाही. भूक लागली की येईल. नाही आलं तर समजायचं की त्याला दुसरं घर मिळालं. लहानपणी आमच्याकडे मांजरं जास्त झाली की वडील एकाला पोत्यात घालून मंडईत सोडून येत. काही परत येत, काही येत नसत. आली ती आमची, न आली ती मंडईची. कोणी कोणाला शोधायला गेल्याचं मला आठवत नाही. जिरीच्या बाबतीत मी पहिल्या रात्री खिडकी उघडी ठेवली, ओट्यावर दुधाची वाटी ठेवली आणि झोपलो.

मुलीला ते चालणार नव्हतं. तिने तिकडून फोनवर फोन करून मला कामाला लावलं. मी पोस्टर छापलं: राखाडी, पट्टेरी, कपाळावर इंग्रजी 'एम'सारखी खूण. ही खूण प्रत्येक पट्टेरी मांजराच्या कपाळावर असते हे मला पोस्टर छापून झाल्यावर कळलं. पार्ल्यातल्या समस्त पट्टेरी मांजरांचे फोटो माझ्या फोनवर येऊ लागले. हनुमान रोडवरचं एक, पार्लेश्वराच्या देवळामागचं एक, कोणाच्या तरी गच्चीवरचं एक. एका फोटोवर विसंबून मी रिक्षाने जुहूपर्यंत जाऊन आलो. तो बोका निघाला. मला प्रत्येक फोटोत जिरी दिसायची आणि बायकोला एकाही फोटोत दिसायची नाही. इतकी वर्षं जे मांजर माझ्या वर्तमानपत्रावर बसत होतं ते दहा मांजरांतून मला ओळखता येईना. ही गोष्ट मनाला लागली. आमचं आणि रस्त्यावरचं यात एवढा फरक असेल तर तो दिसायला हवा होता.

मुलीने एक संशोधन वाचून दाखवलं. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या आणि इतर काही संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, ज्यांची मांजरं हरवली होती अशा १२१० जणांकडून माहिती गोळा केली होती. सुमारे एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत सापडली, वर्षभरात ६१ टक्के. आणि सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत होती. पोस्टर वगैरेपेक्षा स्वतः पायी फिरून, बारकाईने शोधणं जास्त उपयोगी पडलं होतं. पाचशे मीटर म्हणजे आमच्या इमारतीपासून भाजीवाल्यापर्यंतसुद्धा पुरतं अंतर नाही. मी जुहूला जाऊन आलो होतो.

आणि दिवसा शोधण्यात अर्थ नव्हता. घाबरलेलं मांजर दिवसा हलत नाही. एखाद्या फटीत अंग चोरून बसतं, मालक दोन हातांवर उभा राहून हाका मारत असला तरी आवाज करत नाही. बाहेर पडतं ते रात्री, वर्दळ थांबल्यावर. म्हणून मी रात्री टॉर्च घेऊन बाहेर पडू लागलो. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरायचा, म्हणजे मांजराचे डोळे चमकून उठतात. गाड्यांखाली, मीटर रूमच्या मागे, दुकानांच्या फळ्यांखाली मी वाकून पाहत होतो आणि आमचाच वॉचमन मला संशयाने पाहत होता. त्याला खायला घालणाऱ्यांना हुसकायची सूचना मीच दिलेली होती.

त्या फिरतीतच ताई भेटल्या. शेजारच्या गल्लीत राहतात, एका दवाखान्यात काम करतात, मांजरवाल्या ताई म्हणून ओळखल्या जातात. आमच्या नोटिशीला जी व्यक्ती कारण झाली ती याच. रात्री साडेबाराच्या सुमारास हातात डबा, डब्यात भात आणि बांगड्यांची उकडलेली डोकी. मला पाहून त्यांनी डबा पाठीमागे घेतला. मी म्हणालो, माझी मांजर हरवलीय. त्यांनी डबा पुढे आणला.

"काका, तुमची पट्टेरी का? तिचा कान अख्खा आहे का?"

मला प्रश्नच कळला नाही. कान अख्खाच असणार. मग त्यांनी टॉर्च घेतला आणि गाडीखाली जेवायला आलेल्या मांजरांवर एकेक करून मारला. प्रत्येकाच्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं. असे कान मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो आणि ते भांडणात फाटलेत असं धरून चाललो होतो. भांडणात फाटलेला कान इतका सरळ कुठून असेल? निर्बीजीकरणाच्या वेळी, मांजर भुलीत असतानाच टोक कापतात, म्हणजे त्याच मांजराला पुन्हा पकडून पुन्हा पोट फाडायची पाळी येत नाही. मुंबई महापालिका काही संस्थांच्या मदतीने कुत्र्यांबरोबर मांजरांचंही हे काम करते. पण मांजर पकडून न्यायचं, नंतर सांभाळायचं, परत आणून त्याच जागी सोडायचं, हे बहुतेक वेळा ताईंसारख्याच कोणीतरी करायचं असतं. त्यांच्याकडे एक वही होती. काळी-पांढरी, डावा कान, अमुक महिन्यात. पिवळा बोका, अमुक महिन्यात. आमच्या सोसायटीकडे दुचाकींची यादी होती. आवारातल्या मांजरांची यादी फक्त या बाईंकडे होती.

"चारपाच दिवस झाले, पत्र्यामागे एक पट्टेरी येते. शेवटी खाते, कोणाच्या जवळ जात नाही. कान अख्खा आहे. म्हणजे ती माझी नाही, कोणाची तरी घरची."

जिरीचं ऑपरेशन खासगी डॉक्टरकडे झालं होतं. ते घरच्या मांजराचा कान कापत नाहीत. कपाळावरच्या 'एम'ने जे साधलं नाही ते त्या अख्ख्या कानाने साधलं.

पत्र्यामागे म्हणजे आमच्या शेजारचा प्लॉट. पार्ल्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: जुनी तीन मजली इमारत, पुनर्विकासाला गेलेली, माणसं भाड्याच्या घरांत पांगलेली, आणि भोवती निळे पत्रे. इमारत पाडून झाली होती, राडारोडा अर्धा उचलला होता, कामगारांच्या खोलीजवळ एक बदामाचं झाड तेवढं उभं होतं. तिथे मी त्या रात्री जिरीला पाहिलं. पाहिलं म्हणजे दोन डोळे आणि एक पाठ. मी हाक मारली. ती विटांच्या ढिगात गेली.

दुसऱ्या रात्री तेच. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, तिने ठरवलंय. तिला तिची माणसं मिळाली, आपण सोडून द्यावं. हे बोलताना मला जरा उदात्तही वाटत होतं. स्वातंत्र्य, निसर्ग वगैरे. ताईंना हेच सांगितलं तर त्या हसल्याही नाहीत. "ठरवायला ती काय जेवली का नीट? घाबरलीय ती. घाबरलेलं मांजर आईलासुद्धा ओळख दाखवत नाही."

मुलीकडे याचाही पुरावा होता. टोकियोतल्या आत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वीस मांजरांना त्यांच्या घरातच अनोळखी माणसांचे आणि मालकाचे हाक मारतानाचे आवाज ऐकवले. मांजरांना मालकाचा आवाज वेगळा कळत होता. पण कळल्याची खूण म्हणजे कान वळणं, मान हलणं. उठून येणं नव्हे, ओरडणं नव्हे. मुलीने स्वतःच्या आवाजात हाक रेकॉर्ड करून पाठवली. मी फोन पत्र्याच्या फटीत धरला आणि टॉर्च जमिनीकडे ठेवला. जिरी विटांवर बसली होती, पाठ माझ्याकडे. आवाज लागला. ती वळली नाही. तिचा डावा कान तेवढा मागे फिरला, फोनच्या दिशेने स्थिर झाला आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत तसाच राहिला.

माझं पहिलं मत तिथे मोडलं. येत नाही याचा अर्थ ओळखत नाही असा नव्हता. मग पोत्यात घालून सोडलेली, परत न आलेली ती सगळी मांजरं? त्यांचा हिशेब मी मांडत बसलो नाही, पण तो विचार डोक्यात आला हे खरं.

आता पकडायचं होतं. हाताने पकडायला जाऊ नये हे ताईंनी बजावलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. मनगटावर ओरखडा आणि रेबीजची इंजेक्शनं एवढं पदरात पडलं. मग पिंजरा आला. एका प्राणिसंस्थेकडून अनामत भरून मिळतो. लांबट, लोखंडी जाळीचा. मागच्या टोकाला खाणं, मध्ये पत्र्याची पट्टी, पट्टीवर पाय पडला की मागे दार पडतं. यात एकच मेख आहे, मांजर भुकेलं हवं. भुकेलं कधी असेल? इतर सगळीकडचं खाणं बंद असेल आणि फक्त पिंजऱ्यात असेल तेव्हा.

आणि इथे माझी नोटीस मला आडवी आली. ताई पूर्वी एकाच ठिकाणी, एकाच वेळी खाणं ठेवत, आमच्या पंपाच्या खोलीमागे. मांजरं ठरल्या वेळी जमत, दहा मिनिटांत खाऊन जात, भांडी उचलली जात. नोटीस लागल्यावर वॉचमन हाकलू लागला, तेव्हा त्या पाच ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी, गाड्यांखाली चोरून ठेवू लागल्या. त्यांच्यासारख्या आणखी दोघीतिघी होत्या, त्याही तसंच करू लागल्या, एकमेकींना न सांगता. खाणं बंद झालं नव्हतं, ते विखुरलं होतं. त्यामुळे कोणतं मांजर कधी कुठे येईल याचा नेम राहिला नाही, आणि नेम नसेल तर पिंजरा लावता येत नाही. वहीतल्या शेवटच्या दोन माद्या त्यामुळेच निसटल्या होत्या. मांजराची गर्भावस्था जेमतेम नऊ आठवड्यांची असते. पाच महिन्यांचं पिल्लू स्वतः गाभण राहू शकतं. मीटर रूममध्ये मेलेली जी पिल्लं मी सभेत नोटिशीच्या समर्थनासाठी सांगत असे, ती त्यांपैकी एकीची होती. तारखा ताईंच्या वहीत होत्या. मी तपासल्या. नोटिशीनंतरच्या होत्या.

बोका धार मारतो, रात्री भांडतो, माजावर आलेली मादी रात्रभर ओरडते: माझ्या नोटिशीतली निम्मी गाऱ्हाणी ऑपरेशनने कमी होणारी होती, आणि ज्यामुळे ते ऑपरेशन होऊ शकत होतं ती एकमेव व्यवस्था मी 'सक्त' बंद केली होती. मांजरं उचलून दूर सोडावीत हाही प्रस्ताव मी एकदा मांडला होता. टास्मानियात २०१५ च्या एका अभ्यासात थोडीथोडी मांजरं मारून पाहिली, तर त्या भागात मांजरं कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली. मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरची येऊन बसली असावीत. जंगलातली मांजरं आणि पार्ल्यातली मांजरं एक नव्हेत, पण कचऱ्याचा डबा जागेवर ठेवून मांजरं हलवल्याने काय होईल हे समजायला टास्मानियात जायची गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र मी अजूनही मानत नाही. मांजरं आहेत म्हणून उंदीर नाहीत, हे मांजरप्रेमींचं आवडतं वाक्य आहे. ब्रुकलिनमधल्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिलं, तर मांजरांनी दोन उंदीर मारले. मोठ्या घुशीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. मुंबईत रात्री काठी घेऊन उंदीर मारणारी माणसं महापालिकेला ठेवावी लागतात, ती उगाच नव्हे. मांजरांची बाजू घ्यायला खोट्या आधाराची गरज नाही, असं मी ताईंना म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. आमचं अजून वाजतं.

तर पिंजरा. ताईंनी बाकीच्या सगळ्यांना फोन करून एका रात्रीचा उपास ठरवला. मला तारल्या आणायला सांगितल्या. दूधपोळीवर येणार नाही म्हणाल्या, आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही हेही ऐकवलं. आमच्या घरात मासे येत नाहीत. मी मासळीबाजारात जाऊन उभा राहिलो तेव्हा तारली कोणती हे मला बोट करून विचारावं लागलं. कोळीणबाईंनी कोणासाठी म्हणून विचारलं, मी मांजरासाठी म्हणालो, त्यांनी मला आपादमस्तक पाहून मूठभर जास्त घातल्या. त्या तारल्या उकडण्यासाठी बायकोने एक जुनं पातेलं दिलं, ते परत घरात घेतलं नाही, आणि त्या पातेल्याविषयी आमच्यात पुन्हा बोलणं झालेलं नाही.

पहिल्या रात्री दार पडलं आणि आम्ही चादर टाकली. पट्टेरी. मी मुलीला फोन लावला. ताईंनी टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "काका, कान बघा." कापलेला. शेपटीचं टोकही वाकडं.

पण जी गोष्ट मी विसरू शकत नाही ती पुढची. पिंजऱ्यात सापडलेलं रानटी मांजर जाळीवर डोकं आपटतं, असं मला सांगितलं होतं. ही तशी नव्हती. चादरीची कड उचलताच ती जाळीला गाल घासायला लागली आणि घुरघुरायला लागली. जिरी वर्तमानपत्रावर बसून जशी घुरघुरते, अगदी तशी. ताई म्हणाल्या, "ही इथलीच. दुसऱ्या मजल्यावरची." म्हणजे पत्र्यामागच्या, आता नसलेल्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरची. सगळ्यांनी चाव्या दिल्या, टेम्पो भरले, तेव्हा ती कोणाच्या हाती लागली नाही. गोंधळात कुठेतरी दडून बसली असेल. दोनतीन दिवसांनी जिन्यात येऊन बसली, मग जिना पाडला. ताईंनी त्या कुटुंबाला फोन केला होता. ती माणसं वाईट नाहीत. भाड्याच्या घराच्या मालकाने करारात प्राणी ठेवायचे नाहीत असं घातलंय, नवी इमारत झाली की नेऊ म्हणाली. नवी इमारत व्हायला किती वर्षं लागतात हे पार्ल्यात कोणी विचारू नये.

मी वही मागून घेतली आणि त्या अंगाने पुन्हा वाचली. पिवळा बोका: अमुक सोसायटीतला, मालक परदेशी. काळी-पांढरी: मावशी वारल्या, मुलांनी घर विकलं. नोंदलेल्यांपैकी निम्म्यांच्या तरी पुढे अशी काहीतरी ओळ होती. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत सामुदायिक प्राण्याची व्याख्या आहे, ज्याच्यावर कोणीच मालकी सांगितलेली नाही असा, वस्तीत जन्मलेला प्राणी. व्याख्या करणाऱ्याला दोष देत नाही, मीही तशीच केली असती. पण आमच्या गल्लीत त्या व्याख्येत चपखल बसणारी मांजरं वहीत शोधावी लागत होती. मी ज्यांना रस्त्यावरची म्हणत होतो त्यांतली बरीचशी कोणाच्या तरी परांचीवरून उतरलेली होती. फरक एवढाच, की त्यांच्यामागे टॉर्च घेऊन कोणी निघालं नव्हतं.

वाकड्या शेपटीच्या त्या मांजराला आम्ही सोडलं. सोडताना ती पिंजऱ्याबाहेर यायला तयार नव्हती, ताईंना पिंजरा तिरपा करावा लागला.

जिरी सापडली ती त्यानंतर, अशाच एका उपासाच्या रात्री. ती मात्र जाळीवर आपटत राहिली. घरची असून. आणि आदल्या वेळची, तीन पावसाळे उघड्यावर काढलेली, गाल घासत होती. जिरीला न्हाणीघरात ठेवलं, दार लावलं, आत तिची जुनी चादर टाकली. ती बादलीमागे बसून राहिली. मध्यरात्र उलटल्यावर ओरडायला लागली, मी दार उघडलं तर सरळ दिवाणावर गेली. डॉक्टरांनी तपासलं, गोचिडी काढल्या, वजन घटल्याचं सांगितलं. मुलीने फोनवर तिला पाहिलं आणि मला नाही, तिला विचारलं, कशी आहेस म्हणून.

खिडक्यांना आता पक्क्या जाळ्या आहेत आणि जिरी गच्चीवर जात नाही. बायकोला हे पसंत नाही. मांजराला कोंडणं तिला पाप वाटतं. मलाही पूर्वी वाटायचं. पत्र्यामागे जिरीची पाठ पाहिल्यापासून वाटत नाही.

नोटीस मी उतरवली, तेव्हा सचिवपद माझ्याकडे राहिलं नव्हतं, म्हणून नव्या सचिवांना पत्र लिहून उतरवावी लागली. त्याच २०२३ च्या नियमांत खायला घालण्याची जागा ठरवण्याचं काम सोसायटीकडेच दिलेलं आहे. जागा जिना, ये-जा करायची दारं आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर हवी. नियमांचा सगळा रोख कुत्र्यांवर आहे, न्यायालयात वाद होतात तेही कुत्र्यांवरून. मांजरं त्या गदारोळात कोणाच्या लक्षात येत नाहीत, हे एका अर्थी बरंच.

आता प्रश्न निकडीचा आहे. पावसाळा संपला की शेजारच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम सुरू होईल. पत्र्यामागची मांजरं तेव्हा कुठे जाणार? एकदम उचलून नेली तर ती परत त्याच खड्ड्याकडे येतील, असं ताई म्हणतात. उपाय म्हणजे खाण्याचं भांडं दर दोनतीन दिवसांनी काही फूट सरकवत आणायचं, मांजरं त्यामागे येतात. सरकवत आणायचं कुठे, तर आमच्या पंपाच्या खोलीमागे, जिथे ते मुळात होतं. मी ठराव लिहून दिला आहे: जागा एक, वेळ रात्री साडेदहा, अर्ध्या तासात भांडी उचललेली, कान न कापलेलं प्रौढ मांजर दिसलं तर महिन्याच्या आत ऑपरेशन, खर्चासाठी सोसायटीच्या निधीला हात लावायचा नाही. तळमजल्याचा विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. खिडकी त्यांची आहे, माझी तिसऱ्या मजल्यावर. नवे सचिव म्हणाले, काका, तुमचीच नोटीस पुढे करून तळमजलेवाले तुम्हाला उत्तर देतील. देऊ देत. सभा पुढच्या रविवारी आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.